उद्यापन नसलेला नेम

आमच्या घरात व्रतांची वाण कधीच नव्हती. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सोळा सोमवार केले, मार्गशीर्षातले गुरुवार केले, कितीतरी नवरात्रांत नऊ दिवस पायांत चप्पल घातली नाही. प्रत्येक व्रताला सुरुवातीचा एक दिवस असे, मोडायचा नाही असा एक नियम असे आणि शेवटी उद्यापन. सुवासिनी जेवून उठल्या, ओट्या भरल्या, की दुसऱ्या दिवसापासून घर पुन्हा पहिल्यासारखं. दुखण्याखुपण्याचंही तसंच. टायफॉइड झाला तर मऊ भात, कावीळ झाली तर तळण बंद, आणि डॉक्टर ‘आता सगळं खा’ म्हणाले की त्याच रात्री कढई चुलीवर चढायची.

मधुमेहाला उद्यापन नाही. सांगायला एका ओळीची गोष्ट, पण ती घरातल्या एकेका माणसाच्या गळी उतरायला काही वर्षं जातात. माझा पहिला रिपोर्ट आला तेव्हा प्रत्येकानं मायेनंच मला एकेक व्रत सांगितलं. कुणी चाळीस दिवस मेथीचं पाणी, कुणी कारल्याचा रस, कुणी भात कायमचा बंद. सगळ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट गृहीत होती: हे कडक पाळ, म्हणजे तू यातून सुटशील.

व्रताच्या पाठोपाठ प्रायश्चित्ताचा सूर येतो. ‘गोड फार होत असेल तुझं.’ मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. कंदी पेढ्याचं गाव. कर्ज मंजूर झालं, नातू झाला, पोरगा मिलिटरीत भरती झाला, की काउंटरच्या काचेखालून पुडा आत येतो. त्यामुळे माझ्या आजाराचं कळलं की बऱ्याच जणांची नजर आधी त्या पुड्याकडं जाते. मी पेढे खाल्ले, म्हणून मला शुगर झाली; आता मी ते सोडावेत, म्हणजे हिशेब पुरा.

या सुराचा मला राग येतो. दुखणाऱ्या माणसाला आरोपी केलं की तो रिपोर्ट लपवायला लागतो, डॉक्टरांकडं जायचं टाळतो, आणि चोरून खातो. बँकेतल्याच दोघातिघांचं मी असं होताना बघितलं आहे. शिवाय तो आरोप अर्धामुर्धाच खरा असतो. खाणं, बैठं काम, वाढलेलं वजन यांचा वाटा असतोच. पण कुणाचं शरीर किती सोसेल हे पुष्कळदा त्याच्या जन्माआधीच ठरायला लागलेलं असतं.

माझा जन्म १९७३ चा, माण तालुक्यातला. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस गेला होता आणि सगळा तालुका दुष्काळी कामांवर होता. आई रोज खडी फोडायला जायची, मी पोटात. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. त्या भाकरीचं नाव काढलं तरी आईचा चेहरा अजून बदलतो. ती सांगते, ‘तू झालीस तेव्हा तळहातावर मावत होतीस.’

हे तिचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा माझ्या रिपोर्टशी काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं. मग एका रविवारच्या पुरवणीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचलं, आणि नंतर मिळेल ते वाचत गेले. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. गंमत वाटावी अशी गोष्ट पुढं होती: हे कमी पडलेलं वजन अंगभर सारखं कमी नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून राहिलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरून ठेवणारं बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडं बारीक माणसालाही मधुमेह का होतो, याचं उत्तर शोधणाऱ्यानं स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून पुढं ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची वाट अडवली आणि माणसं उपासमारीनं मेली. त्या महिन्यांत आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीच्या आसपास तपासणी केली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी आढळली. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण एवढं नक्की, की हा आजार म्हणजे काउंटरवरच्या पुड्याची शिक्षा नव्हे. आणि आजार ही शिक्षा नसेल, तर सवयी बदलणं हे प्रायश्चित्त होऊ शकत नाही. अपुऱ्या शिध्यावर वाढलेल्या, तरीही इथवर साथ दिलेल्या शरीराची ती देखभाल आहे. माझ्यासाठी सगळा फरक या एका विचारानं पडला.

तो विचार डोक्यात होता. निर्णय झाला तो पायामुळे.

वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी मला झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात एक दांडी होती, तिच्या टोकाला बोटभर लांबीचा नायलॉनचा धागा. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. ‘लागलं की हो म्हणा.’ अंगठा. हो. करंगळीखालची गादी. हो. मग बराच वेळ काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मी वाट बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, मी आत्ता तीनदा टेकवला.’

डोळे उघडून मी माझ्या पायाकडं बघितलं. तोच पाय, टाचेवर तीच जुनी भेग. त्यातला एक ठिपका मात्र माझ्या ओळखीचा उरला नव्हता. दुखत नाही हीच तिथली अडचण. खडा टोचला, फोड आला, तरी कळणार नाही. आणि न कळलेली जखम चिघळत जाते. तोवर शुगर म्हणजे कागदावरचा एक आकडा होता. त्या दिवशी तिला माझ्या अंगावर जागा मिळाली.

त्या वर्षी नवरात्रात आत्यांच्या गुडघ्यांमुळे अनवाणी राहण्याचा नेम माझ्याकडं यायचा होता. घरात हे कसं सांगायचं, याचं मला ओझं झालं होतं. संध्याकाळी आत्यांजवळ बसून मी त्यांना तो धागा, ती न लागलेली जागा, सगळं सांगितलं. त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, अंगठ्यानं ती जागा चाचपली आणि म्हणाल्या, ‘देवीला तुझं पाय जाळून काय करायचंय? चप्पल घाल.’ मी उगीचच धास्तावले होते. जुन्या माणसांना आपण नीट सांगत नाही आणि ती ऐकणार नाहीत असं आपणच ठरवून टाकतो.

आता ताटाकडं वळते, कारण खरं काम तिथंच होतं, आणि ते गोड सोडण्याइतकं सरळ नव्हतं. सकाळची भाजी थोडी राहिली, मुलानं अर्धी भाकरी ठेवली, कुकरच्या तळाशी दोन घास भात उरला, तर ते सगळं शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात येतं. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत येतं. त्याला हावरेपणा म्हणणं अन्याय आहे. अन्न टाकायचं नाही, हे ज्या आयांनी दुष्काळात शिकून आम्हाला शिकवलं, त्यांची ती शिकवण आहे. माझ्या आईनं मिलोच्या भाकरीचा तुकडाही वाया जाऊ दिला नसेल. तिच्या मुलीनं उरलेला भात सोडायचा म्हणजे काय, हे आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात कुठं लिहिलेलं नसतं. तक्त्यात ‘भात एक वाटी’ असतं. कुकरच्या तळातल्या दोन घासांना तिथं रकाना नाही.

म्हणून बदल माझ्या ताटात नव्हे, पातेल्यात करावा लागला. तांदूळ मोजून कमी टाकायला लागले. उरलाच तर तो सकाळी फोडणीला जातो आणि सगळे थोडा थोडा खातात, मी एकटी नाही. आणि मी सगळ्यांबरोबर जेवायला बसते. हे शेवटचं लिहिताना किती किरकोळ वाटतं! पण ज्या घरात सून वाढत राहते आणि मागून बसते, तिथं सगळ्यांबरोबर तिचं पान मांडलं जाणं ही लहान गोष्ट नाही. पहिले काही दिवस कुणाला गरम भाकरी मिळाली नाही, तर कुणाला मीठ हाताशी सापडलं नाही. पुढं ह्यांनी स्वतःहून भाकरीची दुरडी आणि मिठाचं भांडं मध्ये आणून ठेवायला सुरुवात केली. शुगर माझी असली तरी सवय घराची असते. एकटीनं बदलायला गेलं की घर नकळत तिला परत जागेवर ओढतं.

मग कुतूहल आलं, आणि कुतूहलानं मला धाकापेक्षा फार जास्त साथ दिली. घरी साखर मोजायचं मशीन होतंच, पण त्याच्या पट्ट्या महाग, त्यामुळं जपून वापरायच्या. मी एकेक प्रश्न धरून तपासायला लागले. ज्वारीच्या भाकरीनं साखर वाढत नाही, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. वाढते. गव्हाच्या पोळीपेक्षा बेतानं, पण वाढते. ती फुकट नाही. गुळाचा चहा साखरेच्या चहाहून फार वेगळा निघाला नाही, आणि निघणार तरी कसा, गुळातही मुख्यतः तीच साखर. एकादशीची साबुदाण्याची खिचडी सगळ्यांत वर गेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास धरावा आणि दिवसभरातला सगळ्यांत मोठा आकडा त्याच दिवशी दिसावा! आता एकादशीला शेंगदाण्याची आमटी, दह्यातली काकडी आणि डावभर भगर असते. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काही न बोलता तेच खायला सुरुवात केली.

सगळ्यांत नवल वाटलं ते क्रमाचं. तीच भाकरी, तीच उसळ, तीच कोशिंबीर. पण आधी कोशिंबीर आणि उसळ निम्मी संपवून मग भाकरीला हात घातला, तर आकडा खाली राहतो. आणि जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललं तर आणखी खाली. चालताना पोटरीचे आणि मांडीचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतात. माझं इन्शुलिन जिथं कमी पडतं तिथं माझे पाय काम करतात, हे समजल्यापासून रात्री जेवून गल्लीतून राजवाड्यापर्यंत जाऊन यायचा मला कंटाळा येत नाही. ज्या पायांनी भीती घातली, त्यांच्याकडूनच औषध मिळतं आहे.

सवयी बदलायला निघालेल्या प्रत्येक शुगरवाल्याला एक गोष्ट मला हात धरून सांगावीशी वाटते. निरोगी माणसानं चालणं वाढवलं तर त्यात त्याचं काही बिघडत नाही. आपल्या पोटात मात्र गोळी असते. काही गोळ्या खाणं किती आणि चालणं किती हे न बघता साखर उतरवत राहतात. मी रात्रीचा भात निम्मा केला आणि सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढाला जायला लागले, तेव्हा एके दिवशी वळणावर एकाएकी घाम फुटला. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर आणि कपाळावरून धारा. हात थरथरायला लागले, ओठांना मुंग्या आल्या, आणि हे काय विचारताहेत ते ऐकू येत असूनही उत्तर जुळेना. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून खिशात साखरेची पुडी होती. तीन चमचे साखर, बाटलीतलं पाणी, कठड्यावर बसून राहणं. घरी आल्यावरही डोकं जड होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि गोळी निम्मी झाली. गोळी कमी होणं ही आनंदाची गोष्ट, पण ती मनानं कमी करायची नसते, आणि सवय बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगायची असते. नव्या सवयीला जुना डोस मारक ठरू शकतो.

आता नेम मोडण्याबद्दल. लग्नसराईत तो मोडतो. वैशाखात एका आठवड्यात तीन लग्नं, दुपारी अडीचला पंगत, मग परतीचा प्रवास; कसला क्रम आणि कसलं चालणं. व्रत असतं तर एकदा मोडलं की मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. याच हिशेबानं किती माणसं सगळंच सोडून देतात! एक जिलबी खाल्ली, आता आजचा दिवस गेलाच, मग उद्यापासून, मग सोमवारपासून, मग पाडव्यापासून.

आमचे मामा माळकरी. रोज संध्याकाळी हरिपाठ. त्यांचा हरिपाठ चुकलेला मी बघितला आहे: प्रवासात, तापात, धाकट्या दिरांच्या अपघाताच्या रात्री. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते पुन्हा टाळ घेऊन बसतात. मागचं भरून काढत नाहीत, चुकल्याचा शोकही करत नाहीत. त्याला उद्यापन नाही आणि ते कुणाला हवंही नाही. हा नेम माझ्या डोळ्यांसमोर रोज चालू होता. आजाराबरोबर राहायचं तर व्रत उपयोगाचं नाही, असा नेम हवा. तब्येत चांगली नसलेल्या दिवशीही पेलेल एवढाच तो मोठा असावा. पाऊस असेल तर मी घरातच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते. ताप असेल तर फक्त पाय तपासते, आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि झोपते.

नंतर वाचनात आलं की याला शास्त्राचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला थेट २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. त्यातही मोलाचं हे, की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. शिवाय ब्रिटनमध्ये नव्यानं मधुमेह झालेल्यांवर १९७७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी साखर आटोक्यात ठेवली, त्यांचे आकडे पुढं इतरांसारखेच झाले तरी दहा वर्षांनंतरही त्यांना हृदयविकाराचा त्रास कमी झाला. सांभाळलेले दिवस वाया जात नाहीत. लग्नसराईनंतरचा रिपोर्ट हातात घेताना मी हे आठवते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी खरं तर रक्तातल्या तांबड्या पेशींची आठवण असते. त्या पेशी जगतातच जवळपास १२० दिवस. म्हणजे तीन-चार महिन्यांनी रक्त नवं झालेलं असतं आणि त्यात जुन्या पंगतीची नोंद उरत नाही.

माझा आकडा आदर्श नाही. सातच्या आसपास राहतो, कधी थोडा वर. पायाची ती जागा परत जिवंत झालेली नाही आणि होईल असं डॉक्टरांनी मला सांगितलेलंही नाही. तिच्या शेजारच्या जागा शाबूत आहेत.

सध्या आमच्याकडं पुतणी आली आहे. सहावा महिना संपतोय. तिच्या तपासणीत साखर जास्त आली आणि जाऊबाई घाबरून गेल्या. पोरगी तर रडलीच. ‘काकू, मी तर गोडाची नव्हतेच कधी,’ हे तिचं पहिलं वाक्य. बिचारीला वाटत होतं आपल्यावर आळ आला आहे. मी तिला माझ्या आईची, खडीच्या कामाची गोष्ट सांगितली, आणि पुण्याजवळच्या त्या बाळांचीही. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं, की गरोदरपणात ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. तेव्हापासून घरात रोज मेथी नाहीतर चाकवत आहे. रात्री ती माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत येते, हळूहळू, मध्ये थांबत. दोघींचं मशीन एकच, सुया वेगळ्या.

बाळंतपणानंतर तिची साखर बहुतेक उतरेल, असं तिचे डॉक्टर म्हणाले. पण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायची, आणि पुढंही तपासत राहायचं. परवा जाऊबाईंशी फोनवर तासभर बोलले. डिंकाचे लाडू तर पाहिजेतच, असं त्यांचं म्हणणं, आणि बाळंतिणीला ताकद पाहिजे हे मलाही मान्य आहे. अळीव, खोबरं, बदाम यांवर आमचं एकमत झालं. दशमी गूळ न घालता दुधात करायची, हेही त्यांनी मान्य केलं. लाडवातल्या गुळाचं अजून ठरायचं आहे. त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत, तेव्हा एक घाणा निम्म्या गुळाचा, खजूर बेतानं घालून वळून बघू आणि तिच्या मशीनवर काय येतं ते दोघी मिळून बघू, असं बोलणं झालं आहे.